चहात न बुडवलेली अंडी

माझं माहेर जळकोटचं आणि सासर ईटच्या शिवारातलं. स्थळ ठरलं तेव्हा आमच्या घरी असं सांगितलं गेलं की सासरे तेवढे माळकरी आहेत, बाकी घर खाणारं आहे. सासूबाई त्याआधीच वारल्या होत्या, थोरले दीर-जाऊ बार्शीला राहायचे. म्हणजे बाकी घर म्हणजे माझा नवरा एकटाच, आणि सासऱ्यांच्या माळेपुढं त्याचं काही चालत नव्हतं.

सासऱ्यांना मी मामा म्हणते. मामांनी तरुणपणी तुळशीची माळ घातली, तेव्हापासून आमच्यात अंडं स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडून आत आलेलं नाही. घरामागं लिंबाखाली वेगळी चूल, तिचा वेगळा तवा, वेगळी उलथनी, तेलाची बाटलीसुद्धा वेगळी. पावसात ऑम्लेट करायचं झालं तर नवरा छत्री धरून उभा राहायचा. छत्री माझ्यासाठी नसायची, तव्यासाठी असायची. तेवढा वेळ मामा ओसरीवर आमच्याकडं पाठ करून बसायचे आणि वास गेला असं वाटलं की खाकरायचे. मग आम्ही इकडं तोंड धुवायचो.

अशा माणसाबरोबर मी पाच-सहा वर्षं कोंबड्यांची पैदास केली, आणि ती मोठ्या, गडद अंड्यांसाठी केली, हे माहेरी अजून कुणाला पटत नाही.

कोंबड्या आधीपासून होत्या, चार-पाच गावरान. दिवसभर उकिरड्यावर चरायच्या, संध्याकाळी आपणहून खुराड्यात यायच्या. अंडी घालायच्या, पण लिंबाएवढी आणि रंगानं पांढुरकी. जळकोटला माझ्या भावाचं कोंबड्यांचं लहानसं शेड आहे. एका दिवाळीला मी गेले होते, तेव्हा त्यानं माझ्या हातात एक अंडं ठेवलं. हातात मावेना इतकं मोठं, आणि रंग गुळाच्या ढेपेसारखा.

"ही कोंबडी ऊन सोसत न्हाय," भाऊ म्हणाला. "औषध चुकलं की मान टाकती. कुत्रं दिसलं तर पळायच्या ऐवजी बघत बसती. पण अंडं असं घालती."

निघताना त्यानं मला त्याच जातीचा एक तांबडा कोंबडा दिला. येताना सगळ्या रस्त्यात माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. आपली गावरान कोंबडी, जी कुत्र्याला चकवते, उकिरड्यावर पोट भरते, स्वतः खुडूक बसून पिल्लं काढते, तीच जर असं अंडं घालायला लागली तर? घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो गावातल्या खव्याच्या भट्टीवर कामाला असतो. दिवसभर दूध आटवून आलेला माणूस, त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे सून गावात ऱ्हाणारी पायजे आन पगार पुण्याचा पायजे."

पहिल्या वर्षी मी जे केलं ते कुणीही करील. अंडी बाजारात न्यायची, मोठी मोठी आधी खपायची, मागं राहतील ती खुडूक कोंबडीखाली बसवायची. एके दुपारी मी असंच करत होते. टोपलीत राख, वर गव्हाचं काड, बाजूला लोखंडाचा खिळा. ढग गडगडले तर अंडी नासू नयेत म्हणून आमच्याकडं खिळा ठेवतात. अंडी मांडून मी वर कोंबडी बसवली, तेवढ्यात मामा गोठ्याकडं जाता जाता थांबले.

"कुठली अंडी ही?"

"आपलीच, मामा."

"एवढुशी?"

"मोठी बाजारात गेली. ही उरली ती बसवते."

मामा बराच वेळ टोपलीकडं बघत उभे राहिले. इथं एक सांगायला हवं. ज्वारी काढायच्या आधी आठ दिवस मामा रोज रानात फिरतात. डोळ्यात भरेल असं कणीस दिसलं की खूण बांधतात. ती कणसं वेगळी काढून आढ्याला टांगतात आणि पुढच्या पेरणीला तेच बी. पाहुण्यारावळ्यांतून लोक त्यांच्याकडं बियाणं मागायला येतात. त्या टांगलेल्या कणसाला घरातल्या माणसानं हात लावला तर दोन दिवस बोलत नाहीत.

"बियाण्याला बारीक कणीस कोण ठेवतं गं?" मामा म्हणाले. "चांगलं चांगलं विकलं आन राहिलेल्याचं बी धरलं, तर चार वर्सांनी रानात काय उगवंल?"

"कडबा," मी म्हणाले.

"मग कोंबडीचं काय येगळं हाय?"

त्यांनी मला सगळी अंडी कोंबडीखालून परत काढायला लावली. कोंबडीनं दोनदा हाताला टोचलं. मामा चार हात लांब उभे राहून सांगत होते, हे न्हाय, ते न्हाय, तेबी न्हाय. शेवटी टोपलीत दोनच अंडी उरली आणि कोंबडीनं आमच्याकडं असं बघितलं की मलाच लाज वाटली.

त्या दिवसापासून मामा या कामात आले. पहिल्या आठवड्यात ते लांबूनच बघायचे, मी एकेक अंडं वर धरायचे. मग दोन हातांवर आले. मग एके दिवशी त्यांनी हातावर उपरणं घेतलं आणि उपरण्यावर अंडं घेतलं. त्यानंतर आंघोळ केली. दुसऱ्या दिवशी परत घेतलं, परत आंघोळ केली. दिवसातनं तीन-तीन आंघोळ्या व्हायला लागल्या तेव्हा पाण्याचाच प्रश्न आला, आमच्याकडं नळ आठवड्यातनं एकदा येतो. मग मामांनी तोडगा काढला. अंड्याचं सगळं काम सकाळच्या आंघोळीच्या आधी उरकायचं. तेव्हापासून आमच्या घरी पहाटे उठून देवाच्या आधी कोंबड्यांचं दर्शन घेणारे एकमेव माळकरी राहतात.

मामांचा पहिला नियम, चांगलं अंडं विकायचं नाही आणि खायचं तर मुळीच नाही. नवरा म्हणाला, "मग म्या काय खायचं?"

"बारकी खा. फिकी खा."

"दादा, तुमी तर खातच न्हाय, तुमाला काय फरक पडतो?"

"म्हून तर मला निवडता येतंय. खाणाऱ्याला न्याय करता येत न्हाय."

आकार मोजायला मामांनी आमच्या मुलीच्या बारशातली बांगडी मागून घेतली. तिच्यातून जे अंडं आरपार जाईल ते नापास, जे अडकेल ते पास. रंगाचे त्यांनी तीन दर्जे पाडले. सगळ्यात फिका तो खवा, मधला चहा आणि गडद तो गूळ. मी वहीत तारीख टाकून कुठल्या कोंबडीचं अंडं, अडकलं की गेलं, खवा की चहा की गूळ, असं लिहायचे. एकदा माझी मोठी जाऊ बार्शीहून आली होती. तिनं वही चाळली आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "मामंजी दिवसातनं एवढ्यांदा चहा घेत्यात?"

पण काम दिसतं तितकं सोपं नव्हतं. दोन वर्षं झाली, तिसरं लागलं. ज्या कोंबड्या मोठं अंडं घालायच्या त्यांचं अंडं फिकं असायचं आणि ज्यांचं गडद असायचं ते बांगडीतून सुळकन निघून जायचं. मामा वैतागले. एका सकाळी दोन अंडी समोर ठेवून पुष्कळ वेळ बसले आणि मग मला हाक मारली.

"कळलं मला. कोंबडीच्या पोटात रंग तेवढाच हाय. बारक्या भिंतीला दिला तर दाट बसतो. भिंत मोठी झाली की पसरतो."

"मग आता?"

"मग काय, जास्त रंगाची कोंबडी हुडकायची."

दुसरी अडचण शेजारची होती. आमच्या तांबड्या कोंबड्याच्या रक्ताची पिल्लं आम्ही जपत होतो, आणि शेजारच्या काकूंचा पांढरा कोंबडा रोज भिंतीवरून उडी मारून आमच्यात यायचा. त्याच्या घराण्यात कुणाचंच अंडं लिंबापेक्षा मोठं नव्हतं. मामा काठी घेऊन ओसरीवर बसायला लागले. सत्तरीतला माळकरी माणूस धोतर सावरत कोंबड्यामागं पळतोय, हे गावानं सहा महिने बघितलं. भजनातली मंडळी त्यांना विचारायची, "एकादशीला तरी सोडता का त्याला?"

एकदा शेजारच्या काकूंनी भिंतीवरून डोकं वर काढलं. "मामा, आमच्या कोंबड्यानं तुमचं काय बिघडवलंय? मुकं जनावर ते."

"मुकं असू द्या न्हायतर बोलकं," मामा धापा टाकत म्हणाले, "आमच्या खानदानाचा सवाल हाय."

काकूंनी हे मनावर घेतलं. "आमचं खानदान काय वाईट हाय व्हय?" असं म्हणून त्या आत गेल्या आणि संक्रांतीपर्यंत आमच्याशी बोलल्या नाहीत. शेवटी तिळगूळ द्यायला आल्या तेव्हा मी त्यांना आमचं एक तांबडं पिल्लू दिलं आणि त्यांचा पांढरा कोंबडा कुणा पाहुण्याच्या पानात गेला. मामांनी त्या दिवशी मौन पाळलं, पण त्यांचा चेहरा समाधानी होता.

चौथ्या वर्षी एक तलंग अंड्यावर आली. तलंग म्हणजे पहिलटकरीण कोंबडी. रंगानं तांबूस, मानेवर काळी पिसं, स्वभावानं भांडखोर. तिनं गव्हाच्या पोत्यामागं पहिलं अंडं घातलं. मामा ते उपरण्यात घेऊन अंगणात आले. मी भाकरी थापत होते.

"सूनबाई, बाहेर ये जरा."

"तव्यावर भाकरी हाय, मामा."

"जळू दे."

मी बाहेर गेले. गूळ म्हणावं तर गुळाच्या पुढचा रंग होता, काळपट तांबडा, पाकातनं काढलेल्या गुलाबजामसारखा. पहिलटकरणीचं अंडं होतं म्हणून लहान होतं, पण दोन महिन्यांत तिचं अंडं बांगडीत अडकायला लागलं. आम्ही तिला गुळी म्हणायला लागलो. तिच्या बहिणीही बऱ्या निघाल्या. पुढच्या वर्षभरात घरात चौदा-पंधरा कोंबड्या अशा झाल्या की निम्मी अंडी बियाण्याला ठेवूनही टोपलीभर उरायची. ती मी ईटच्या आठवडी बाजारात नेऊ लागले.

आणि इथंच घोटाळा झाला.

गावरान अंडं तांबूस असतं असं लोकांच्या डोक्यात आहे. म्हणून काही लोक शेडवरची पांढरी अंडी चहाच्या पाण्यात बुडवून गावरान म्हणून विकतात. हे सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळं माझी अंडी बघून लोक आधी खूश व्हायचे आणि मग लगेच त्यांना शंका यायची. तिसऱ्या बाजारी एक निवृत्त हेडमास्तर माझ्यासमोर येऊन उभे राहिले. सगळा बाजार त्यांना गुरुजी म्हणतो, कारण निम्म्या बाजारानं त्यांचा मार खाल्लेला आहे. त्यांनी अंडं उचललं, उजेडाला धरलं, वास घेतला.

"कितीदा उकळलेला चहा आहे हा?"

"गुरुजी, आमच्या कोंबड्या असलीच अंडी घालत्यात."

"बाई, मी पस्तीस वर्षं शाळेत होतो. मुलं गृहपाठ कुत्र्यानं खाल्ला म्हणून सांगायची."

शेजारच्या भाजीवालीकडून त्यांनी लिंबू घेतलं, कापून घेतलं आणि अर्धी फोड माझ्या अंड्यावर घासली. मी बिनघोर होते. घासा म्हटलं, किती घासायचं तेवढं. थोड्या वेळानं फोड तांबडी झाली आणि अंड्यावर पांढरट पट्टा उमटला.

गुरुजींनी तो पट्टा सगळ्यांना दाखवला. ओरडले नाहीत, काही नाही, वर्गात फळ्याकडं बोट दाखवावं तसं दाखवलं. लोक हसले. भाजीवाली हळूच म्हणाली, "अगं, पक्का रंग लावायचा." मी टोपली उचलली आणि घरी आले. रस्ताभर मला कळत नव्हतं की मी काय केलं. चहात बुडवलेलं नाही हे मला माहीत होतं, पण रंग गेला हेही मी डोळ्यांनी बघितलं होतं.

घरी येऊन मी मामांना सांगितलं. रडूच यायला लागलं होतं. मामांनी लिंबू मागितलं. गुळीचं अंडं घासलं, रंग गेला. शेजारच्या काकूंकडून त्यांच्या कोंबडीचं अंडं मागून आणलं, तेही घासलं, तेही आणखी पांढरं झालं. मग मला एक अंडं फोडायला सांगितलं आणि टरफल आतून बघितलं. आत पांढरंशुभ्र.

"रंग वरनंच असतो," मामा म्हणाले. "कोंबडी सगळ्यात शेवटी रंग देती. आपुन भिंत बांधून झाल्यावरच चुना मारतो का न्हाय? लिंबानं तांब्या घासला तर डाग जातो, म्हून काय तांब्या खोटा व्हतो?"

"हे मला बाजारात कोण सांगू देईल?"

"सांगायचं न्हाय. दाखवायचं. पुढच्या बाजारी गुळीला घेऊन जायचं. तिथंच घालू दे अंडं."

मला वाटलं चेष्टा करतायत. पण बाजाराच्या दिवशी मामांनी धुतलेलं धोतर नेसलं, गुळीला बांबूच्या डालग्यात घातलं आणि माझ्याबरोबर निघाले. नवऱ्यानं भट्टीवरून सुट्टी काढली. घरची अब्रू म्हणून नव्हे, त्याला बघायचं होतं.

गुळी रोज साधारण अकराच्या आत अंडं घालायची. आम्ही दहाला पोचलो. गुरुजी आलेच होते. मामांनी त्यांना नमस्कार केला आणि म्हणाले, "गुरुजी, ही कोंबडी. बसा. अंडं घालस्तवर उठू नका."

गुरुजींनी डालगं उचलून बघितलं, काड चाळलं, माझ्या पदराकडंसुद्धा एकदा बघितलं आणि भाजीवालीच्या पालथ्या कॅरेटवर बसले. लोक जमायला लागले. कुणीतरी विचारलं, "मामा, तुमी माळकरी आन हितं कसं?"

"खायला आलो न्हाय. साक्षीला आलोय."

अकरा वाजले. गुळीनं काही घातलं नाही. ती डालग्याच्या फटीतून लोकांकडं बघत होती आणि लोक तिच्याकडं बघत होते. पोरंटोरं, भेळवाला, पानवाला, दोन लिंबूवाले. साडेअकरा झाले. मामा उठले आणि डालग्यावर आपलं उपरणं पांघरलं.

"मागं सरका जरा. बाईमाणूस हाय."

"झाकलं की अंडं आत सरकवता येतं," गुरुजी म्हणाले.

यावर थोडी चर्चा झाली. शेवटी असं ठरलं की उपरणं एका बाजूनं वर ठेवायचं आणि त्या बाजूनं फक्त गुरुजींनी बघायचं. गुरुजी कॅरेट ओढून तिथं बसले. मग बारा वाजले, एक वाजला. लोक कंटाळून पांगले, आपापली खरेदी करून आले, परत बघून गेले. येता जाता विचारायचे, "झाली का मोकळी?" नवरा दोनदा चहा पिऊन आला. मी म्हटलं, आज चहाचं नाव तरी काढू नका. गुरुजींच्या घरून जेवायला बोलावणं आलं, ते गेले नाहीत. त्यांनी भाजीवालीकडून दोन काकड्या घेऊन खाल्ल्या, एक मामांना दिली. दोघं काकडी खात कोंबडीकडं बघत बसले होते. हळूहळू त्यांचं बोलणं ज्वारीवर गेलं. गुरुजींचीही थोडी शेती आहे, आणि त्यांची ज्वारी दर वर्षी बारीक होत चालली होती.

"बी कुठलं धरता?" मामांनी विचारलं.

"राहील त्यातलं."

मामांनी माझ्याकडं बघितलं.

दोनच्या सुमाराला पलीकडं एका टेम्पोनं कुणाच्या तरी टोमॅटोच्या कॅरेटला धक्का दिला आणि सगळे लोक तिकडं पळाले. नवराही पळाला. डालग्यापाशी मामा, गुरुजी आणि मी उरलो. आणि आता कुणी बघत नाही असं वाटल्यावर गुळी उठून जराशी उभी राहिली, मान ताणली, आणि काडावर अंडं पडलं.

गुरुजींनी हात घालून ते बाहेर काढलं. अजून ओलं होतं, गरम होतं, गुलाबजामसारखं चकाकत होतं. त्यांनी अंगठा त्याच्यावरून फिरवला. अंगठ्याला तांबडा डाग लागला.

"हा ओला रंग आहे," ते म्हणाले.

"व्हय," मामा म्हणाले. "मग कुणी दिला?"

गुरुजींनी कोंबडीकडं बघितलं.

"रंगवलंय हे तुमी बरोबर वळखलं, गुरुजी," मामा म्हणाले. "म्या तर न्हाय म्हणतच न्हाय. फक्त कुणी रंगवलं तेवढं तुमचं चुकलं."

तोवर लोक टोमॅटोकडून परत आले होते. गुरुजींनी अंडं वर धरून सगळ्यांना सांगितलं की माझ्यासमोर घातलं आहे, बाईंचं म्हणणं खरं आहे, मागच्या बाजारी माझी चूक झाली. स्वच्छ शब्दांत सांगितलं, एकदाच. मला त्या माणसाबद्दल तेव्हापासून आदर आहे. त्या दिवशी टोपली रिकामी झाली, आणि पेरणीच्या आधी गुरुजी मामांकडून ज्वारीचं बी घेऊन गेले.

यानंतर वर्षभरानं मामांना दिसायला त्रास व्हायला लागला. तांब्या ओट्यावर ठेवायला जायचे तो कडेच्या बाहेर सोडायचे. बार्शीला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, पुष्कळ जुना आहे, आधी एकाचं ऑपरेशन करू, दुसऱ्याचं दोन महिन्यांनी. उजव्या डोळ्याचं झालं. चार दिवस मामा काळा चष्मा लावून खाटेवर बसले होते आणि मी येऊन सकाळची अंडी तोंडी सांगायचे.

पाचव्या दिवशी त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "आण टोपली."

मी टोपली पुढं ठेवली. मामांनी एक अंडं घेतलं, बघितलं, ठेवलं. दुसरं घेतलं. मग टोपलीच जवळ ओढली.

"ही कुणाची अंडी?"

"आपलीच, मामा."

"खोटं बोलू नको. आपली अंडी एवढी फिकी न्हाईत."

मी म्हणाले ही आजचीच आहेत. मामांनी उजवा डोळा हातानं झाकला आणि डाव्या डोळ्यानं बघितलं. मग डावा झाकून उजव्यानं बघितलं. असं चार-पाच वेळा केलं. मग अंडं टोपलीत ठेवलं.

"डाव्यानं गूळ दिसतंय," ते म्हणाले. "उजव्यानं चहा."

मी टोपलीतलं काड सारखं करायला लागले.

"म्हणजे इतके दिवस म्या चहाला गूळ म्हणत व्हतो?"

"सगळ्याच येळी न्हाय."

"तुला दिसत व्हतं?"

"व्हय."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमी सासरे, मामा. कसं बोलायचं?"

"कोंबड्याच्या कामात कसला सासरा आन कसली सून," मामा म्हणाले, आणि मग त्यांच्या काहीतरी ध्यानात आलं. "पर मग निवड चुकायला पायजे व्हती. कोंबड्या तर सुधारल्या. त्या कशा काय?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी सांगितलं. शेवटच्या दोन-तीन वर्षांत मामा बियाण्याची अंडी निवडून ठेवायचे, आणि ते आंघोळीला गेले की मी त्यातली फिकी अंडी काढून दुसरी ठेवायचे. दर वेळी तीन-चार. त्यांनी पास केलेली फिकी अंडी नवऱ्याला ऑम्लेट करून घालायचे.

मामांनी हे सगळं ऐकलं. त्यांना राग आला होता की काय मला कळेना. ते गळ्यातली माळ चाचपत बसले.

"म्हून तर त्याचं पोट सुटलंय," शेवटी ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पहाटे मामांनी वही आणायला लावली आणि जुने सगळे दर्जे रद्द केले. नव्या डोळ्यानं सगळ्या कोंबड्यांची अंडी परत तपासली. गुळी पास झाली, तिच्या दोन लेकी पास झाल्या, बाकी सगळ्या एका दर्जानं खाली आल्या. आता निवड दोघांनी मिळून करायची आणि मतभेद झाला तर सुनेचं ऐकायचं, असं त्यांनी स्वतःच ठरवलं आणि वहीत लिहून घेतलं.

दोन महिने झाले तेव्हा नवरा म्हणाला, "दादा, दुसऱ्या डोळ्याची तारीख आलीय. सोमवारी बार्शीला जाऊ."

मामा ओसरीवर बसले होते. हातात त्या दिवशीचं अंडं होतं.

"ऱ्हाऊ दे अजून," ते म्हणाले.

"का? आता तर त्या डोळ्यानं धड माणूससुद्धा वळखू येत न्हाय तुमाला."

"माणसं हाक मारत्यात. त्यांच्यासाठी डोळा लागत न्हाय."

मग त्यांनी नवा डोळा हातानं झाकून घेतला, जुन्या डोळ्यानं अंड्याकडं बघितलं आणि मला म्हणाले, "काम करायला हा नवा बरा हाय, सूनबाई. पर दिवसातनं एकदा बरं वाटायला तो जुना असू दे."

सोमवारी आम्ही गेलो नाही. त्यानंतरच्या सोमवारी मी स्वतः त्यांना घेऊन गेले. वाटेत ते फारसं बोलले नाहीत, पण पिशवीत त्यांनी चार अंडी घेतली होती, डॉक्टरांना दाखवायला. डॉक्टरांनी ती भेट समजून घरी नेली. परत येताना मामा गाडीत एकच वाक्य बोलले, "त्यातली दोन बियाण्याची व्हती."